अन्ननलिकेतला काळा डाग

समजा, रात्रीचे साडेदहा वाजलेत. उद्याचे डबे भरून झालेत, मुलं झोपलीत, आणि तेवढ्यात फोन वाजतो. दवाखान्याच्या ॲपमध्ये तुमचा नवा रिपोर्ट आलाय. बरेच दिवस टाळलेली एंडोस्कोपी तुम्ही गेल्या आठवड्यात एकदाची करून घेतली होती. कारण साधंच होतं. जुनी ॲसिडिटी, रात्री घशाशी येणारं आंबट पाणी, आणि "एकदा आत बघून घेऊ या" असं डॉक्टरांनी म्हटलेलं. रिपोर्टात जठराला थोडी सूज आहे, बाकी ठीक. मग एक ओळ येते : अन्ननलिकेच्या मधल्या भागात काळसर-तपकिरी सपाट डाग, बायोप्सी घेतली.

तुम्ही ते शब्द गुगलच्या खिडकीत टाकता आणि पहिल्याच पानावर 'मेलॅनोमा' हा शब्द दिसतो. पुढची झोप गेली. भारतात तेव्हा सकाळ झालेली असते, म्हणून डॉक्टर असलेल्या मावसभावाला तुम्ही व्हॉट्सॲप करता. तो ओपीडीत अडकलेला असतो. दरम्यान तुम्ही आणखी दहा पानं वाचता.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी अशा रात्री अनेकांच्या वाट्याला येतात. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे बहुतेक रिपोर्ट तयार होताच रुग्णाला दिसतात. अनेकदा ते डॉक्टरांच्या आधी तुम्हीच वाचता. माहिती लवकर मिळणं चांगलंच, पण ती समजावून सांगणारं माणूस त्या वेळी शेजारी नसतं. म्हणून आज आपण अन्ननलिकेतल्या काळ्या डागांबद्दल बोलू या. हे डाग कसले असतात, त्यांतले बहुतेक निरुपद्रवी का असतात, आणि डॉक्टर हे कशावरून ठरवतात, ते पाहू. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण नुसत्या काळ्या रंगावरून निदान होत नाही. रंग कशाचा आहे, तो कोणत्या पेशींत आहे आणि त्या पेशी आपल्या जागी नीट बसल्यात का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की मग निदान होतं.

जिथे ऊन नाही तिथे रंग कशाला?

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिचं आतलं अस्तर निरोगी माणसात फिकट गुलाबी, ओलसर आणि चकचकीत दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते बरंचसं आपल्या कातडीसारखं असतं. चपट्या पेशींचे थरावर थर, आणि सगळ्यात खाली पायाभूत पेशींची एक रांग. फरक एवढाच की कातडीवर असतो तसा कोरड्या, मृत पेशींचा कठीण थर इथे नसतो.

कातडीच्या त्या खालच्या रांगेत अधूनमधून मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. मेलॅनिन हे रंगद्रव्य त्या तयार करतात आणि आपल्या फांद्यांसारख्या टोकांवाटे शेजारच्या पेशींना वाटतात. उन्हापासून बचाव हे मेलॅनिनचं काम आपण शाळेत शिकलो. मग जिथे जन्मभर सूर्यकिरण पोचत नाही, त्या अन्ननलिकेत या पेशी काय करतात?

याचं उत्तर त्यांच्या जन्मकथेत आहे. मेलॅनोसाइट कातडीत जन्माला येत नाहीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात पाठीच्या बाजूला मज्जासंस्थेची नळी घडत असते. तिच्या कडेला पेशींची एक पट्टी तयार होते, तिला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. तिथून पेशी निघतात आणि शरीरभर प्रवास करतात. काहींपासून नसा बनतात, काहींपासून चेहऱ्याची हाडं, तर काही मेलॅनोसाइट होतात. बहुतेक मेलॅनोसाइट कातडीत आणि केसांच्या मुळांशी मुक्काम करतात, पण सगळे नाही. डोळ्यांत, आतल्या कानात, मेंदूच्या आवरणांत, अगदी हृदयातही ते सापडतात. आतल्या कानात तर ऐकण्यासाठी त्यांची गरज असते. अन्ननलिकेत त्यांचं नेमकं काम कोणतं हे ठरलेलं नाही. प्रवासात तिथे उतरले आणि राहिले, एवढं म्हणता येतं.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर कडकनाथ कोंबडी आठवा. मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली, पण आता महाराष्ट्रातही पाळली जाते. तिची कातडीच नव्हे तर मांस, हाडांवरचं आवरण आणि आतले अवयवही काळपट असतात. तिच्या गुणसूत्राच्या एका तुकड्याची जास्तीची प्रत तयार झालेली असते. त्या तुकड्यात एंडोथेलिन-३ नावाचं जनुक असतं, आणि त्याच्या वाढलेल्या इशाऱ्यांमुळे रंगपेशींचे पूर्वज एरवी जात नाहीत अशा ठिकाणीही पोचतात आणि तिथे वाढतात. माणसाच्या अन्ननलिकेतला डाग याच कारणाने होतो असं नाही. पण रंगपेशी शरीराच्या आत खोलवर जाऊ शकतात आणि तिथे असण्याने प्राणी आजारी पडत नाही, हे कडकनाथकडे पाहून चटकन पटतं.

त्याहून जवळचं उदाहरण आरशात दिसेल. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हिरड्या गुलाबी नसून तपकिरी, जांभळट किंवा ठिपक्याठिपक्यांच्या असतात. परदेशातला एखादा डेंटिस्ट पहिल्या भेटीत त्याबद्दल विचारतो आणि आपण म्हणतो, "लहानपणापासून आहे." तोही मेलॅनिनच, आणि तोही निरुपद्रवी.

१९६३ चा एक साधा शोध

अन्ननलिकेत मेलॅनोसाइट असतात हे वैद्यकशास्त्राने बराच काळ मानलेलं नव्हतं. अन्ननलिकेत मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, सापडल्याची नोंद १९०६ सालापासून आहे. पण तिथे रंगपेशीच नसतील तर त्यांचा कर्करोग तिथे सुरू कसा होईल, असा आक्षेप घेतला जाई. तो कातडीवरून किंवा डोळ्यातून पसरलेला असणार, असं अनेकांना वाटे.

१९६३ साली दे ला पावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॅन्सर' या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यांनी शवविच्छेदनात मिळालेल्या १०० अन्ननलिका बारकाईने तपासल्या. त्यांतल्या ४ अन्ननलिकांच्या अस्तरात मेलॅनोसाइट सापडले. काहीही कर्करोग नसलेल्या माणसांच्या अन्ननलिकेतही या पेशी असू शकतात, हे यावरून दिसलं. एकाच शोधाने दोन गोष्टी साधल्या. मेलॅनोमा अन्ननलिकेतच सुरू होऊ शकतो हे पटण्यासारखं झालं, आणि अन्ननलिकेत रंगपेशी दिसल्या म्हणजे मेलॅनोमा असं नव्हे, हेही कळलं.

पुढे जपानमधून आणि भारतातून अशा नोंदी बऱ्याच आल्या. शवविच्छेदनांच्या अभ्यासांत साधारण ४ ते ८ टक्के माणसांत या पेशी मिळाल्या. एंडोस्कोपीत डोळ्यांना डाग दिसण्याचं प्रमाण मात्र कमी आहे, वेगवेगळ्या मालिकांत ०.०७ ते २.१ टक्के. यात विसंगती काही नाही. थोड्याशा विखुरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात, पण डोळ्यांना डाग दिसायला त्या पुरेशा संख्येने एकत्र असाव्या लागतात आणि त्यांनी पुरेसा रंग तयार करावा लागतो.

या निरुपद्रवी अवस्थेला मेलॅनोसिस किंवा मेलॅनोसाइटोसिस म्हणतात. काही पॅथॉलॉजिस्ट दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. काही जण रंगपेशींची संख्या वाढलेली दिसली तरच दुसरा शब्द वापरतात. रिपोर्टात यांपैकी कुठलाही शब्द आला तरी घाबरण्याचं कारण तेवढ्याने तयार होत नाही.

काळं दिसणारं सगळं मेलॅनिन नसतं

आता एंडोस्कोपीच्या खोलीत जाऊ. कॅमेरा लावलेली लवचीक नळी तुमच्या तोंडातून अन्ननलिकेत उतरते आहे. पडद्यावर गुलाबी अस्तर सरकतंय आणि मध्येच एक काळा डाग येतो. डॉक्टर सगळ्यात आधी काय करतात? पाणी मारतात. हो, स्कोपमधूनच पाण्याचा फवारा सोडतात. कॉफी, औषधाचा लेप, अन्नाचा कण किंवा विषबाधेत दिलेला कोळसा असेल तर तो धुऊन जातो. अस्तरात मुरलेला रंग जागचा हलत नाही.

डाग राहिलाच तर पुढचे दावेदार तपासायचे.

पहिला दावेदार लोह. रक्तक्षयासाठी घेतलेली लोहाची गोळी पुरेसं पाणी न पिता गिळली किंवा गिळून लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथलं अस्तर भाजू शकते. तिथे जखम दिसते आणि लोहाचे तपकिरी-काळे कण अस्तरात रुतलेले असतात. जुन्या रक्तस्रावानंतरही लोहाचं रंगद्रव्य मागे राहतं.

दुसरा दावेदार कोळशाची धूळ. चुलीचा धूर किंवा धुळीची कामं यांतून फुप्फुसात गेलेले कार्बनचे कण छातीतल्या लसीकाग्रंथींत साठतात. क्षयरोगाने किंवा अन्य कारणाने अशी ग्रंथी सुजून शेजारच्या अन्ननलिकेला चिकटली, तर तिच्यातला काळेपणा आतून दिसू शकतो. तिथे अस्तर ओढलेलं किंवा फुगवटा आलेलं असतं. ज्या आजीने चाळीस वर्षं चुलीपुढे बसून स्वयंपाक केलाय तिची एंडोस्कोपी होत असेल, तर ही माहिती डॉक्टरांना द्यायलाच हवी. परदेशातल्या डॉक्टरच्या मनात चूल आपणहून येणार नाही.

तिसरा दावेदार शाई. आधीच्या तपासणीत एखादी जागा पुन्हा सापडावी म्हणून डॉक्टर तिथे कार्बनच्या काळ्या शाईचं गोंदण करून ठेवतात. ते वर्षानुवर्षं टिकतं. तपासणी दुसऱ्या देशात झालेली असेल आणि कागद हरवले असतील, तर नवा डॉक्टर कोड्यात पडतो.

चौथा दावेदार रक्तवाहिन्या. निळसर-जांभळे फुगवटे हे कधी फुगलेल्या शिरांचे असतात. चिमट्याने हलकेच दाबलं की ते दबतात. इथे तुकडा काढायला गेलं तर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून हे आधी ओळखणं गरजेचं आहे.

आणि पाचवा, सगळ्यांत गंभीर दिसणारा. कधीकधी अन्ननलिकेचा खालचा भाग चहूबाजूंनी काळा ठिक्कर पडलेला दिसतो आणि जठर सुरू होतं त्या रेषेवर हा काळेपणा एकदम थांबतो. यात रंगपेशींचा काहीच संबंध नसतो. रक्तपुरवठा कमी पडून अस्तर मेलेलं असतं. १९९० मध्ये एंडोस्कोपीतून याचं पहिलं वर्णन झालं आणि याला 'ब्लॅक इसोफेगस' असंच नाव पडलं. असा रुग्ण सहसा आधीच खूप आजारी असतो. रक्तदाब कोसळलेला, मधुमेह हाताबाहेर गेलेला, काळी किंवा रक्ताची उलटी होत असलेली. ॲसिडिटीसाठी चालत आलेल्या आणि संध्याकाळी घरी जाऊन खिचडी खाणाऱ्या माणसाच्या सपाट डागाशी त्याची गल्लत करू नका. गुगलवर 'काळी अन्ननलिका' शोधलं की मात्र दोन्हींची पानं शेजारी शेजारी येतात.

सपाट की उंच?

हे सगळे दावेदार बाजूला झाले आणि डाग मेलॅनिनचा वाटू लागला, तर मुख्य प्रश्न उरतो. हा साधा मेलॅनोसाइटोसिस आहे की मेलॅनोमा?

निरुपद्रवी डाग सहसा सपाट असतो. अस्तराच्या पातळीतच, कागदावर शाईचा थेंब सांडावा तसा. आकार गोलसर, लंबगोल किंवा वेडावाकडा. लांबी काही मिलिमीटरपासून काही सेंटीमीटरपर्यंत. एक किंवा अनेक. बहुतेक वेळा मधल्या किंवा खालच्या भागात. वरचं अस्तर गुळगुळीत असतं, जखम नसते. त्या डागाची म्हणून काही लक्षणं नसतात. तुम्ही ॲसिडिटीसाठी गेला होतात आणि तो वाटेत भेटला.

मेलॅनोमा बहुतेक वेळा उंच, गाठीसारखा, नळीच्या पोकळीत वाढलेला असतो. तो काळा, जांभळा किंवा राखाडी दिसतो, त्यावर व्रण असू शकतो, आणि आजूबाजूला लहान लहान काळे ठिपके पसरलेले असू शकतात. रुग्णाला घास अडकतो, छातीत दुखतं, वजन उतरतं. हा आजार फार दुर्मीळ आहे. अन्ननलिकेच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा ०.१ ते ०.२ टक्के धरला जातो. पण तो आक्रमक असतो आणि उशिरा सापडतो, म्हणूनच डॉक्टर काळ्या डागाकडे काणाडोळा करत नाहीत.

इथे एक गोष्ट आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारी आहे. अन्ननलिकेतले काही मेलॅनोमा काळे नसतातच. त्यांच्या पेशी रंग बनवणं सोडून देतात आणि गाठ गुलाबी किंवा पांढुरकी दिसते. म्हणजे काळा असूनही निरुपद्रवी आणि काळा नसूनही घातक, अशा दोन्ही शक्यता असतात. नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही ती यामुळे, आणि म्हणूनच तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावा लागतो.

तुकड्याचा प्रवास

बायोप्सीचा तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा, कधी त्याहून लहान. तो फॉर्मॅलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत जातो, मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो आणि त्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे काप काढले जातात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून जाडीची कल्पना येईल.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगकामात मेलॅनिन तपकिरी कणांसारखं दिसतं. अडचण अशी की लोहाचं रंगद्रव्यही तपकिरीच दिसतं आणि लिपोफ्युसिन नावाचा पेशींचा जुना कचराही तपकिरीच. मग पॅथॉलॉजिस्ट रसायनशास्त्राची मदत घेतात.

पहिली कसोटी चांदीची. मेलॅनिनमध्ये चांदीच्या क्षारातून धातूरूप चांदी मोकळी करण्याची ताकद असते. जुन्या कॅमेऱ्याची फिल्म डेव्हलप होताना चांदीचे काळे कण उमटत, तसंच काहीसं इथे होतं आणि मेलॅनिन काळंभोर दिसू लागतं. फोंताना या इटालियन त्वचारोगतज्ज्ञाने चांदीची ही रीत सिफिलिसचे जंतू दिसावेत म्हणून वापरली होती. पुढे पिएर मासाँ या फ्रेंच पॅथॉलॉजिस्टने तिच्यात बदल केले. आज ती मासाँ-फोंताना या नावाने जगभर चालते.

पण लिपोफ्युसिनही कधीकधी या कसोटीत थोडं काळं पडतं. म्हणून दुसरी कसोटी, रंग उडवण्याची. इथे आपल्या आजोळच्या विहिरीत टाकायचं ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट कामाला येतं. त्याने मेलॅनिनचा रंग उडतो. लोहाचा उडत नाही, कोळशाचा किंवा शाईचा तर मुळीच नाही. कार्बन कुठल्याच रसायनाला दाद देत नाही, आणि त्यावरूनच तो ओळखू येतो.

तिसरी कसोटी लोहासाठी. माक्स पर्ल्स यांनी १८६७ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही तशीच वापरतात. लोह असेल तर सुंदर निळा रंग येतो. मेलॅनिन निळं होत नाही.

रंग मेलॅनिनचाच आहे हे ठरलं की मग पेशींकडे वळायचं. रंगपेशी ओळखायला प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या असतात. एस-१००, मेलान-ए, एचएमबी-४५, सॉक्स-१० ही नावं तुमच्या रिपोर्टात दिसतील. ती नावं म्हणजे कर्करोगाची नावं नव्हेत, हे लक्षात ठेवा. 'मेलान-ए पॉझिटिव्ह' याचा अर्थ एवढाच की त्या पेशी मेलॅनोसाइट आहेत. त्या सभ्य आहेत की दांडगट, हे ती चाचणी एकटी सांगत नाही. रात्री साडेदहाला 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाचून किती जणांचा धीर सुटत असेल!

या चाचण्यांतही एक गंमतशीर अडचण आहे. त्यांचा निकाल सहसा तपकिरी रंगात उमटतो, आणि मेलॅनिनही तपकिरीच. तपकिरीवर तपकिरी दिसणार कसं? म्हणून अशा तुकड्यांसाठी प्रयोगशाळा लाल रंग उमटवणारं रसायन वापरते किंवा आधी मेलॅनिनचा रंग उडवून घेते.

मग शेवटचा आणि निर्णायक भाग, पेशींची ठेवण. मेलॅनोसाइटोसिसमध्ये रंगपेशी अस्तराच्या अगदी खालच्या रांगेत, एकेकट्या, अंतर राखून बसलेल्या असतात. त्यांची केंद्रकं लहान आणि एकसारखी असतात. शेजारच्या पायाभूत पेशींत मेलॅनिनचे कण वाटलेले दिसतात. अस्तराखालच्या थरात रंगाचे कण गिळून बसलेल्या काही सफाई कामगार पेशी असतात. सगळं शांत असतं. मेलॅनोमात ही शिस्त मोडते. केंद्रकं मोठी आणि वेडीवाकडी होतात, पेशी भराभर विभागताना दिसतात, खालची रांग सोडून वरच्या थरांत चढतात किंवा खाली उतरून आत घुसतात. हा फरक ओळखायला शेवटी अनुभवी डोळेच लागतात.

नावांचा घोळ

इंटरनेटवर वाचताना आणखी एक नाव तुम्हाला गोंधळात टाकेल, मेलॅनोसिस कोलाय. यात मोठ्या आतड्याचं अस्तर तपकिरी-काळं होतं. नावात मेलॅनोसिस असलं तरी त्यात मेलॅनिन नसतं. बद्धकोष्ठासाठी सोनामुखी आणि तत्सम रेचकं महिनोन् महिने घेतली की आतड्याच्या काही पेशी मरतात आणि त्यांचा लिपोफ्युसिनसारखा कचरा साठतो. रेचक थांबवलं की हा रंग हळूहळू जातो. घरात रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेणारं कोणी असेल तर कोलोनोस्कोपीच्या आधी डॉक्टरांना सांगा.

लहान आतड्याच्या सुरुवातीलाही असाच 'खोटा' मेलॅनोसिस होतो. त्यात लोह आणि गंधक यांची संयुगं असतात आणि तो लोहाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचे आजार किंवा रक्तदाबाची काही औषधं यांच्यासोबत दिसतो. अन्ननलिकेतला मेलॅनोसिस मात्र खऱ्या मेलॅनिनचा असतो. त्यामुळे एकावर वाचलेलं दुसऱ्याला लावू नका.

निरुपद्रवी म्हणजे विसरून जायचं?

बायोप्सीत 'निरुपद्रवी' आलं. आता पुढे काय? इथे डॉक्टरांमध्येही एकच ठरलेली वाट नाही, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

अन्ननलिकेतल्या मेलॅनोमाच्या रुग्णांकडे मागे वळून पाहिलं, तर सुमारे पाव किंवा त्याहून थोड्या जास्त रुग्णांत गाठीच्या आसपास साधा मेलॅनोसाइटोसिसही सापडतो. जुन्या सपाट डागाच्या जागी पुढे मेलॅनोमा आढळल्याच्या तुरळक नोंदीही आहेत. यावरून 'हा डाग म्हणजे कर्करोगाची पहिली पायरी' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण हिशेब उलट बाजूनेही करून पाहा. मेलॅनोसाइटोसिस शंभरातल्या काही माणसांत असतो, तर अन्ननलिकेचा मेलॅनोमा इतका दुर्मीळ की बहुतेक पोटविकारतज्ज्ञ आयुष्यभरात त्याचे रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेही पाहत नाहीत. प्रत्येक डाग जर वाटेवरची पायरी असता, तर हा आजार कितीतरी जास्त दिसला असता.

म्हणून बहुतेक डॉक्टर मधला मार्ग घेतात. डाग कापून काढत नाहीत, औषध देत नाहीत. काही काळाने पुन्हा एकदा एंडोस्कोपी करून डाग तेवढाच आहे ना, सपाटच आहे ना, हे पाहतात. किती काळाने आणि किती वेळा, याचं सर्वमान्य वेळापत्रक नाही. डागाचा आकार, तुमचं वय, पूर्वीचा इतिहास पाहून ते ठरतं. डाग उंचावला, वाढला, किंवा पेशींच्या ठेवणीबद्दल शंका आली तर मोठा तुकडा काढून तपासतात. चिमट्याचा तुकडा डागाचा एक लहानसा भागच दाखवतो, ही बायोप्सीची मर्यादा आहे.

तुम्ही काय करू शकता

आपण दोन देशांत विभागलेली माणसं. आपली कागदपत्रंही तशीच. त्यामुळे काही गोष्टी आपण स्वतः सांभाळायला हव्यात.

डॉक्टरांना हे सांगा : पूर्वी कातडीवरचा एखादा तीळ काढला होता का, आणि त्याचा रिपोर्ट काय होता. डोळ्याचा मेलॅनोमा झाला होता का. तळपायावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग आहे का. सावळ्या कातडीच्या माणसांत मेलॅनोमा झालाच तर तो बऱ्याचदा या जागी होतो, आणि तिथून तो पसरू शकतो. ओठांवर किंवा नखांवर नव्याने काळे ठिपके आले असतील तर तेही दाखवा. लोहाच्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, चुलीचा धूर, जुना क्षयरोग, भारतात झालेली एंडोस्कोपी, काहीही क्षुल्लक समजू नका.

डॉक्टरांना हे विचारा : डाग सपाट होता की उंच? पाण्याने धुऊन पाहिला होता का? रंग मेलॅनिनचाच आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरलं? पेशींची ठेवण साधी आहे का? पुन्हा कधी बघायचं? शंका असेल तर पोटाच्या आजारांत तज्ज्ञ असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेता येईल का?

आणि हे जपून ठेवा : एंडोस्कोपीचे फोटो. पुढच्या वेळी तुलना करायला तेच उपयोगी पडतात. मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं जपलेल्या असतात आणि त्या दुसऱ्या मतासाठी मागवता येतात, हेही लक्षात असू द्या. आईबाबा पुण्याहून किंवा नागपूरहून सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे येत असतील, तर लोणच्याच्या बरणीइतकीच काळजी घेऊन त्यांच्या जुन्या रिपोर्टांची फाइलही बॅगेत घालायला सांगा. किंवा आत्ताच फोनवर फोटो काढून मागवा. एक जुना फोटो पाहून डॉक्टर म्हणू शकतात, "हा डाग सात वर्षांपूर्वीही इथेच होता, एवढाच होता." मग पुढच्या कितीतरी तपासण्या टळतात.

आता पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. फोन हातात आहे, मावसभावाचं उत्तर अजून आलेलं नाही. रिपोर्टातली ओळ परत एकदा वाचा. डाग 'सपाट' आहे असं लिहिलंय का? व्रण नाही, गाठ नाही असं म्हटलंय का? तुम्हाला घास अडकत नाही ना, वजन उतरलं नाही ना? तर बायोप्सीचा निकाल येईपर्यंतचे चार-सहा दिवस तुम्ही थोड्या शांतपणे काढू शकता. वरचे प्रश्न कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरांच्या भेटीची वेळ घ्या, आणि गुगलची खिडकी बंद करून झोपायला जा. आणि हो, ज्या ॲसिडिटीसाठी तुम्ही एवढं सगळं केलंत तिचं काय करायचं, हेही त्या कागदावर लिहायला विसरू नका. डागाच्या गडबडीत मूळ दुखणं विचारायचंच राहून जातं.